दरीला तळ असतो : ‘अबिस’ या शब्दाच्या निमित्ताने

इंग्रजीतला ‘अबिस’ हा शब्द मराठीत आणायचा झाला की आपले भाषांतरकार बहुधा दोन वाटांनी जातात. एक तर नुसते ‘दरी’ म्हणतात, किंवा दरीला ‘अथांग’ हे विशेषण जोडून मोकळे होतात. तिसरी वाट ‘गर्ते’ची. पण वृत्तपत्रांनी ती ‘नैराश्याच्या गर्तेत’ या एकाच मुक्कामासाठी इतकी तुडवली आहे, की तिच्यावर आता गवतही उगवत नाही. भाषांतरे तपासण्याच्या माझ्या कामात हा शब्द वर्षातून चार-दोनदा तरी समोर येतो आणि ‘अथांग दरी’ वाचताना मी दर वेळी अडखळतो. मावळात राहणाऱ्या माणसाने अडखळावे असाच हा शब्दप्रयोग आहे. लोणावळ्यापासून आंबवण्यापर्यंतच्या कड्यांवरून ज्या दऱ्या दिसतात, त्यांतल्या एकीलाही इथल्या गावकऱ्याने अथांग म्हटलेले मी ऐकलेले नाही. जाहिरातींत आणि प्रवासवर्णनांत मात्र त्या झाडून सगळ्या अथांग असतात. हे असे का झाले, आणि मुळात ‘अबिस’ या शब्दात काय आहे, याचा हा शोध आहे.

शब्दाची घडण सोपी आहे. ग्रीक भाषेत ‘बिसॉस’ म्हणजे खोली, तळ. ‘बिथॉस’ या अधिक रुळलेल्या शब्दाचे हे आयोनियन बोलीतले रूप. त्याला नकाराचा ‘अ’ लागला आणि ‘आबिसॉस’ झाले, म्हणजे ज्याला तळ नाही ते. हा ‘अ’ आणि आपल्या ‘अज्ञान’, ‘अशक्य’ यांतला ‘अ’ एकाच कुळातला. सुरुवातीला हा शब्द नाम नव्हता, विशेषण होता. आणि तो पाण्याला लावलेला आढळतो, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

त्याचा एक जुना आणि गमतीदार वापर हिरोडोटसच्या इतिहासाच्या दुसऱ्या ग्रंथात आहे. इजिप्तमधल्या साईस नगरातल्या देवालयाच्या खजिन्याचा लेखनिक त्याला सांगतो, की नाईलचे झरे क्रोफी आणि मोफी या दोन डोंगरांच्या मधून निघतात आणि ते ‘आबिसॉस’ आहेत. पुरावा काय, तर सामेटिकस राजाने हजारो वाव लांबीचा दोर वळून तिथे सोडला, पण तो तळाला टेकला नाही. हिरोडोटसने वापरलेले माप ‘ऑर्गिया’ म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारी लांबी, नेमकी आपली वाव. म्हणून मी इथे वाव म्हटले. हिरोडोटसचा या गोष्टीवर विश्वास बसत नाही. तो म्हणतो, तिथे पाण्याचे भोवरे आणि उलटे ओढे असणार, त्यामुळे सोडलेला दोर खाली पोचतच नसेल. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या शंकेखोर माणसाला मी मनापासून दाद देतो. ‘तळ नाही’ या विधानावर त्याने जे विचारले, तेच आपणही विचारायला हवे : तळ नाही, की तुमचा दोर पोचला नाही?

विशेषणाचे नाम झाले ते भाषांतरात. इसवी सनापूर्वी तिसऱ्या-दुसऱ्या शतकांत हिब्रू धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतर झाले. त्याच्या आरंभीच, सृष्टीच्या उत्पत्तीच्या वर्णनात, ‘तेहोम’ हा हिब्रू शब्द येतो. तेहोम म्हणजे आदिम, खोल जलराशी. बाबिलोनी कथेतली समुद्ररूपिणी तिआमत हिच्या नावाशी त्याचे भाषिक नाते आहे. या तेहोमसाठी भाषांतरकारांनी ‘आबिसॉस’ निवडला. तिथून तो लॅटिनमध्ये ‘अबिसस’ झाला, जुन्या फ्रेंचमध्ये ‘अबिस्म’ झाला आणि दोन्ही दारांनी इंग्रजीत शिरला. शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’मध्ये ‘अबिझम’ हे दुसरे रूप येते, तेही पाण्याविषयी नाही, भूतकाळाविषयी. आजचा ‘अबिझमल’ हा त्याचाच वंशज.

दरम्यान ख्रिस्ती ग्रंथांत शब्दाचा अर्थ पाण्यातून बाहेर पडून तुरुंगात गेला. लूकच्या शुभवर्तमानातली भुते आम्हाला तिथे पाठवू नकोस म्हणून गयावया करतात. ‘प्रकटीकरणा’त सैतानाला त्यात हजार वर्षे डांबून वर कुलूप आणि मोहोर लावली जाते. तळ नसलेल्या जागेला कुलूप! मजा म्हणजे १६११ सालच्या इंग्रजी राजमान्य बायबलात ‘अबिस’ हा शब्द कुठेच नाही. त्या भाषांतरकारांनी कुठे ‘खोल’ तर कुठे ‘बिनबुडाचा खड्डा’ अशा अर्थाचे घरचे साधे इंग्रजी शब्द वापरले. मराठी बायबलात ‘अगाधकूप’ आला, ‘अथांग डोह’ही आला. या मंडळींचे मराठी आपल्याला कधी कधी अवघडलेले वाटते, पण इथे त्यांनी दरीला हात लावला नाही. ते विहिरीपाशी आणि डोहापाशी गेले. त्यांचा कान शाबूत होता असेच मी म्हणेन.

‘अबिस’चे मूळ सुमेरी भाषेतल्या ‘अब्झू’त आहे, असेही काही जण मांडतात. अब्झू म्हणजे पृथ्वीखालचे गोडे पाणी. अक्कडी भाषेत ‘अप्सू’. नाद जुळतो, अर्थही जवळचा, आणि आपल्याकडे तर कोणीतरी लगेच संस्कृत ‘अप्’ आणि ‘अप्सु’ही जोडून देतो. पण ग्रीक शब्द ग्रीकमध्येच सरळ उलगडतो. त्याला बाहेरून बाप आणायची गरज नाही. बहुतेक अभ्यासक ही व्युत्पत्ती मानत नाहीत, आणि मला तेच योग्य वाटते.

नादावरून व्युत्पत्ती करण्याचा मोह किती दांडगा असतो, हे पाहायला सुमेरपर्यंत जायला नको. ‘मावळ’ हा शब्द ‘मावळणे’वरून आला, सूर्य मावळतो तो मुलूख, असे आपण शाळेपासून ऐकतो. पुण्याहून पाहिले तर दिशाही जुळते. पण कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या ब्राह्मी लेखांत, म्हणजे सुमारे १९०० वर्षांपूर्वी, या मुलखाचे नाव ‘मामाल’ असे येते. तिथल्या अमात्याला उद्देशून काढलेली राजाज्ञाच त्या दगडावर आहे. शब्दामधल्या ‘म’चा ‘व’ होणे हे मराठीत नित्याचे : ग्रामचे गाव, नामचे नाव. तसे मामालचे मावळ. सूर्याचा इथे काही संबंध नाही. ‘लोणावळा’ म्हणजे ‘लेण्यांची आवली’ ही अशीच एक गोड व्युत्पत्ती. भोवती कार्ले, भाजे, बेडसे अशी लेणी आहेत म्हणून ती पटते. पण ‘ले’चा ‘लो’ का झाला, हे ती सांगत नाही.

आता आपल्या शब्दांकडे वळू. ‘आबिसॉस’ला घडणीने तंतोतंत जुळणारा संस्कृत शब्द ‘अगाध’. ‘गाध’ म्हणजे नदीतली उथळ जागा, जिथे पाय टेकतो. धातुपाठात ‘गाध्’ धातूचा पहिला अर्थ प्रतिष्ठा, म्हणजे स्थिर उभे राहणे, असा दिला आहे. जिथे उभे राहता येत नाही ते अगाध. अमरकोशात अगाधाचा अर्थ ‘अतलस्पर्श’ असा एका शब्दात दिला आहे आणि तो वारिवर्गात, पाण्याच्या शब्दांच्या दालनात आहे. ‘अथांग’चेही तेच. संस्कृत ‘अस्ताघ’, प्राकृत ‘अत्थाह’, हिंदी ‘अथाह’ ही त्याची भावंडे, आणि अर्थ पुन्हा तोच : तळ न लागणारे पाणी. मराठीत तर याच्या जोडीला ‘ठाव’ आहे. पोहायला शिकताना ‘ठाव लागतो का?’ हा पहिला प्रश्न असतो. विहिरीचे पाणी आपण परसांत मोजतो. एक परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला पुरुष. घोट्याएवढे, कमरेएवढे, गळ्याएवढे ही मापेसुद्धा सगळी अंगावरची.

या सगळ्या शब्दांत खोली मोजणारा माणूस पाण्यात उभा आहे किंवा बुडतो आहे. तो वरून पाहत नाही. ‘अथांग’ हे पायाने मारलेले विधान आहे, डोळ्याने मारलेले नव्हे. दरीच्या काठावरचा माणूस थांग घेत नाही, तो बघतो. आणि बघणाऱ्याला, हवा स्वच्छ असेल तर, तळ दिसतो. म्हणून ‘अथांग दरी’ मला खटकते. पाण्याचा शब्द उचलून डोंगरावर ठेवला आहे, आणि मला वाटते, तो इंग्रजीतली वर्णने वाचून तिथे ठेवला गेला.

मग दरी म्हणजे काय? संस्कृतात ‘दरी’ म्हणजे गुहा. अमरकोशात ती ‘कंदर’ या शब्दाशेजारी बसते. मूळ धातू ‘दॄ’, फाडणे, चिरणे, ‘विदारण’ त्यातलाच. म्हणजे जुन्या अर्थाने मावळातल्या खऱ्या ‘दऱ्या’ कार्ला आणि भाजे इथे आहेत, वर छत आणि समोर भिंत असलेल्या. मराठीत येता येता तिचे छत उडाले आणि दोन डोंगरांमधली फट तेवढी राहिली. ‘दऱ्याखोऱ्या’, ‘दरीकंदर’ या जोडशब्दांत जुन्या अर्थाची सावली अजून आहे. शिवाय संस्कृतात ‘दर’ म्हणजे भीतीही, जिच्या नात्यातला आपला ‘दरारा’. हा योगायोग मोहात पाडणारा आहे, पण मावळणाऱ्या सूर्याची गोष्ट आताच सांगून झाली आहे, तेव्हा पुढे जातो.

मराठी दरीचे लक्षण तिच्या लाक्षणिक वापरात स्वच्छ दिसते. श्रीमंत आणि गरीब यांच्यातली दरी, दोन पिढ्यांतली दरी. ही दरी ‘रुंदावते’, ‘वाढते’. आपण ती ‘सांधतो’ किंवा ‘बुजवतो’. ती खोल झाली असे क्वचितच कोणी म्हणतो. म्हणजे मराठी मनात दरी आडवी आहे, तिला पलीकडची बाजू आहे आणि तिथे कोणीतरी आहे. इंग्रजी ‘अबिस’ उभा आहे. त्याला पलीकडची बाजू असण्याचे कारणच नाही. एखाद्या तत्त्वचिंतकाने ‘अबिस’ म्हणावे आणि मराठीत त्याची ‘दरी’ व्हावी, यात नुसती छटा हरवत नाही, दिशाच नव्वद अंशांनी फिरते. आत्म्याच्या तळाशी डोकावणाऱ्या माणसाला भाषांतरकार पलीकडच्या डोंगराकडे बघायला लावतो.

आणि ही आडवी दरी मावळच्या भूगोलाशी चोख जुळते. इथे पूर्वेकडे उतरतात ती खोरी. इंद्रायणीचे, पवनेचे, आंद्रेचे अशी ती नदीच्या नावाने ओळखली जातात, आणि नाणे मावळ, पवन मावळ, आंदर मावळ ही त्यांतल्या वस्तीची नावे. ‘खोरे’ हे माती ओढण्याचे अवजारही आहे. पैसा खोऱ्याने ओढतात तो त्यानेच. पश्चिमेला जमीन एकदम तुटते आणि कोकण सुरू होते. ही तुटलेली कड सांगायला मराठीत शब्दांची चणचण नाही : कडा, घळ, नाळ, खिंड, घाट, सुळका. कड्याच्या मध्यावर जी सपाट पट्टी असते तिला ‘पदर’ म्हणतात. त्यांतल्या नाळ, खिंड आणि घाट या तर उतरण्या-चढण्याच्या जागाच. इंग्रजांनी आणि त्यांच्यामागून आपण दिलेली नावे पाहा : टायगर पॉइंट, लायन पॉइंट, राजमाची पॉइंट. ही उभे राहून बघण्याच्या जागांची नावे. नागफणीला त्यांनी ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे नाक म्हटले. पाहणारा पॉइंटवर थांबतो. त्याच्यापुरता खाली तळ नसला तरी चालते. मीठ, तांदूळ आणि बैल घेऊन जाणाऱ्याला मात्र तळ हवा, आणि त्याने वाटेला नाव दिले.

१६६१च्या फेब्रुवारीत कारतलबखानाची फौज कुरवंडे घाटाने उतरून उंबरखिंडीत अडकली, तेव्हा शिवाजी महाराजांनी दरीचा हाच गुण वापरला. दोन्ही तोंडे बंद केली की खिंड पिंजऱ्यासारखी होते. रायबागन हिच्या सल्ल्याने खान शरण आला, सामानसुमान टाकून परत गेला. मावळच्या इतिहासातली दरी अशी आहे : तिच्यात माणसे शिरतात आणि, किंमत मोजून का होईना, बाहेर पडतात.

विसाव्या शतकात याच उतारावर पैसा उभा राहिला. लोणावळा, वळवण, शिरवटा इथली धरणे आणि खाली १९१५ साली सुरू झालेले खोपोलीचे टाटांचे वीजघर यांच्यामध्ये पाणी नळांतून सतराशे फुटांच्या आसपास खाली पडते आणि वीज देते. दरी अथांग असती तर टाटांनी जनित्र कुठे बसवले असते?

माझ्याविरुद्धचा सगळ्यात जोरदार पुरावा पावसाळ्यात मिळतो, तो लपवणे बरे नाही. जुलै-ऑगस्टमध्ये टायगर पॉइंटला गेलात तर एरवी सहाशे मीटर आणि त्याहून खाली दिसणारी शेते, झाडी, वाडी, काही दिसत नाही. दरी धुक्याने काठोकाठ भरलेली असते आणि ते धुके पाण्यासारखेच हेलकावते. त्या दिवशी कोणी ‘अथांग’ म्हटले तर मी वाद घालणार नाही. पाण्याचा शब्द तिथे पाण्यानेच, ढगाच्या रूपाने, येऊन आपली जागा घेतलेली असते. पण ही दरीची नव्हे, धुक्याची स्तुती आहे; आणि नोव्हेंबरात ऊन पडल्यावरही तोच शब्द फलकावर राहतो, हे माझे भांडण.

भांडणाला थोडे कारणही आहे. कड्यावरून पडलेल्या किंवा वाट चुकलेल्या माणसाला शोधायला लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’ची मुले दोर लावून खाली उतरतात. हरवलेल्या माणसाबद्दल आपण ‘थांगपत्ता नाही’, ‘ठावठिकाणा नाही’ म्हणतो. दोन्ही शब्द तळाचेच. उतरणाऱ्याला दरी किती खोल आहे हे दोराच्या मापात माहीत असावे लागते. सामेटिकसच्या दोरासारखा तो मधेच लोंबकळून चालत नाही. जी जागा मापाने ओळखायची, तिला जाहिरातीने अमाप ठरवावे, आणि ते वाचून आलेल्या पोराने कठड्यापलीकडे पाय टाकावा, हे मला नुसत्या शब्दाच्या चुकीपेक्षा जास्त वाटते.

जलाशयांचेही असेच. पवना धरणाच्या पाण्याला ‘अथांग जलाशय’ म्हणताना शब्द तरी आपल्या जागी आहे, कारण ते पाणी आहे. पण उन्हाळ्यात पाणी उतरले की तळातून वाघेश्वराचे जुने देऊळ वर येते. शेजारच्या मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी जो सत्याग्रह केला, तो याच तळासाठी होता. तिथे काठावरच्या पाहुण्याला खोली दिसते. ज्याची जमीन खाली गेली त्याला तळ पाठ असतो : बांध कुठे, विहीर कुठे, उतार कुठल्या अंगाला.

दिवाळीच्या दिवसांत पाताळाचा विषय टाळणे बरे नव्हे. आपले सात अधोलोक अतळापासून सुरू होतात : अतल, वितल, सुतल, तलातल, महातल, रसातल आणि शेवटी पाताल. ‘अतल’ म्हणजे ज्याला तळ नाही ते, म्हणजे शब्दशः ‘अबिस’. आणि आपल्या पूर्वजांनी त्या बिनतळाच्या खाली आणखी सहा मजले बांधले! यात त्यांची विनोदबुद्धी शोधू नये, पण वृत्ती दिसते. तळ नाही हे अंतिम उत्तर त्यांनी मानले नाही. शिवाय अमरकोशात पाताळाचे एक नाव ‘बलिसद्म’ आहे, बळीचे घर. भागवतात तर या लोकांना ‘बिलस्वर्ग’ म्हटले आहे आणि तिथला थाट स्वर्गाहून वरचढ सांगितला आहे. तिकडच्या अबिसमध्ये सैतान कोंडलेला. इकडच्या पाताळात असा राजा, ज्याचे राज्य परत यावे म्हणून घरोघरच्या बाया पाडव्याला ओवाळतात. ‘रसातळाला जाणे’ हा वाक्प्रचार आपल्याकडेही वाईट अर्थाचाच, हे खरे. डोहाचीही आपल्याला भीती आहे. साती आसरा डोहातच असतात. पण कुरवंड्याजवळ उगम पावलेली इंद्रायणी खाली देहूला पोचते, तिथल्या डोहाने बुडवलेल्या वह्या तेरा दिवसांनी परत दिल्याची कथा महाराष्ट्राने जपली, आणि तुकोबांनी आनंदाच्या अनुभवालाच डोह म्हटले. भीती आणि आनंद एकाच शब्दात राहू शकतात. त्यासाठी तो शब्द पाण्याचा असावा लागतो.

विज्ञानाची गंमत याहून निराळी. सागरशास्त्रात साधारण ४००० ते ६००० मीटर खोलीच्या पट्ट्याला ‘अबिसल’ म्हणतात आणि तिथल्या सपाट तळाला ‘अबिसल मैदान’, म्हणजे बिनतळाचा तळ. ‘चॅलेंजर’ जहाजाने १८७५ साली पश्चिम पॅसिफिकमध्ये ८१८४ मीटरवर तळ गाठला, तेव्हा शब्दाचा जुना अर्थ प्रत्यक्षात संपला होता. नाव तेवढे राहिले. ६००० मीटरच्या खालच्या पट्ट्याला ‘हेडल’ म्हणतात, ग्रीकांच्या पाताळावरून. वर अतल आणि खाली पाताल, ही उतरंड त्यांच्याही हातून तशीच लागली. मराठी पाठ्यपुस्तकांनी ‘सागरी मैदान’, ‘सागरी डोह’, ‘सागरी गर्ता’ असे शब्द घेतले. त्यांत ‘डोह’ मला फार आवडतो. शास्त्राचा शब्द आणि गुरे पाजायला नेणाऱ्या पोराचा शब्द एकच असावा, असे भाग्य सगळ्या परिभाषेला लाभत नाही.

मग भाषांतरकाराने करावे काय? एकच प्रतिशब्द सगळीकडे चालवण्याचा हट्ट आधी सोडावा. दोन माणसांतले, दोन वर्गांतले अंतर असेल तर दरी उत्तम. समुद्र असेल तर अथांग, अगाध, डोह. पडून आपटण्याची जागा असेल तर गर्ता, कारण गर्तेला तळ असतो. नुसताच तुटलेला कडा असेल तर कडा म्हणावे; संस्कृतातला ‘अतट’ हा शब्द त्यासाठी आहे, पण तो आता उठवून बसवणे अवघड. ‘अबिझमल’साठी काही शोधू नये. ‘अबिझमल कामगिरी’ म्हणजे भिकार कामगिरी, एवढे पुरे. इंग्रजीत हा शब्द बहुधा अज्ञानाला लागतो, मराठीत ‘अगाध’ ज्ञानाला लागतो. पण ‘त्यांचे ज्ञान अगाध आहे’ हे आपण कोणत्या सुरात म्हणतो ते आठवले, तर दोन्ही भाषा एकाच घाटाला लागलेल्या दिसतील.

जिथे तत्त्वज्ञ किंवा कवी खरोखरच तळ नाकारतो, तिथे माझे मत ‘अतळ’ला. विशेषण म्हणून तो जुना आहे, नाम म्हणून अधोलोकाच्या नावात आहेच. ‘आबिसॉस’नेही विशेषणापासून नामापर्यंत हाच प्रवास केला. ‘अतळात पाहणे’ हे प्रथम ऐकताना कानाला टोचेल, पण ते ‘अथांग दरीत डोकावणे’पेक्षा खरे आहे, आणि त्यात सहलीचा वास नाही.

एका ठिकाणी मात्र मावळचा कडाच मला हा शब्द सुचवतो. जेम्स हटनबरोबर १७८८ साली स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचे खडकांचे थर पाहिल्याची आठवण जॉन प्लेफेअरने नंतर, १८०५ साली प्रसिद्ध केली. काळाच्या ‘अबिस’मध्ये इतके दूर पाहताना मन गरगरले, असे तो सांगतो. इथे ‘काळाची दरी’ म्हटले की दोन काळांमधले अंतर होते आणि प्लेफेअर हातातून जातो. ‘काळाचा डोह’ शांत वाटतो. नागफणीच्या समोर उभे राहून कड्यातले लाव्हाचे आडवे थर मोजावेत, पायऱ्यांसारखे एकावर एक, सगळे साडेसहा कोटी वर्षांच्या आगेमागे ओतलेले. कार्ल्याचा ‘मामाल’ लेख अशाच थरातल्या दगडावर कोरला आहे. त्याच्या अक्षरांचे वय या हिशेबात धरताच येत नाही. अशा वेळी मी ‘काळाचे अतळ’ लिहीन, आणि संपादकाने खूण करून परत पाठवले तरी तेच ठेवीन.